गाड्या पोरांनी फोडल्या, जाब कोणाला विचारायचा?

पुण्यात गेली काही वर्षं एकच बातमी फिरून फिरून छापून येते. मध्यरात्रीनंतर दुचाक्यांवरून टोळकं येतं, हातात कोयते आणि दांडकी असतात. परिसरात दहशत बसावी म्हणून रस्त्याकडेच्या गाड्यांच्या काचा फोडल्या जातात आणि टोळकं पसार होतं. कधी येरवडा, कधी बिबवेवाडी, कधी हडपसर, कधी सिंहगड रस्ता. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत शेवटी ठरलेली ओळ असते: ताब्यात घेतलेल्यांमध्ये काही जण अल्पवयीन आहेत.

बातमीत ‘वाहनांचे नुकसान’ एवढ्या दोन शब्दांत जे उरकलं जातं, त्यात एखादी रिक्षा असते. ती कर्जावर घेतलेली असते. विमा असतो, पण बहुतेकदा फक्त थर्ड पार्टी. म्हणजे रिक्षाने दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई मिळते, रिक्षाची स्वतःची काच फुटली तर नाही. सकाळी सातला शाळेची मुलं सोडायची असतात आणि समोरची काच पुढच्या सीटवर चुरा होऊन पडलेली असते. पंचनामा होईपर्यंत गाडी हलवता येत नाही. त्या दिवसाचा धंदा गेला, काचेचे पैसे खिशातून गेले आणि हप्त्याची तारीख तशीच उभी. हा माणूस चौकीत विचारतो तेव्हा उत्तर मिळतं, ‘पोरं अल्पवयीन आहेत, आमचे हात बांधलेत.’ नगरसेवकाकडे जावं, तर जवळजवळ चार वर्षं शहरात नगरसेवकच नव्हते.

त्याचा संताप रास्त आहे. पण ह्या प्रश्नाच्या किल्ल्या वेगवेगळ्या कचेऱ्यांत ठेवलेल्या आहेत आणि कुठली कोणाकडे हे कोणी नीट सांगत नाही. त्यामुळे प्रत्येक कचेरी आपल्याला पुढच्या दाराकडे पाठवू शकते. म्हणून हे एकदा सविस्तर.

चार वर्षं महापालिका चालवत कोण होतं?

पुणे महापालिकेची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने घातलेला नियम सरळ आहे: महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक. ती झाली नाही. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता, पाठोपाठ प्रभागांची रचना आणि सदस्यसंख्या यांवरून वाद झाले. एका सरकारने तीन सदस्यांचे प्रभाग केले, पुढच्याने ते चारचे केले. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले आणि पुण्यासह राज्यातल्या २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं.

मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे होता. प्रशासक म्हणजे निवडून आलेलं सभागृह नसताना त्याचे सगळे अधिकार वापरणारा सरकारी अधिकारी. पुण्यात ते काम आयुक्तांकडेच होतं. आपल्या सोसायटीची कमिटी बरखास्त झाली, निवडणूक चार वर्षं लांबली आणि बिल्डरने नेमलेला मॅनेजरच मेंटेनन्स ठरवतो, खर्च करतो आणि हिशेबही स्वतःच मंजूर करतो, तर काय होईल? मॅनेजर प्रामाणिक असेल, हुशारही असेल. पण लिफ्ट बंद पडली म्हणून रात्री ज्याची बेल वाजवता येते असा माणूस इमारतीत उरत नाही. पुण्याचं तसंच झालं. २०२५-२६ चं १२,६१८ कोटी रुपयांचं अंदाजपत्रक आलं, पण त्यावर वाद घालायला सभागृहात लोकप्रतिनिधी नव्हते.

सगळ्यात वाईट अवस्था समाविष्ट गावांची झाली. ३० जून २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली. ग्रामपंचायती गेल्या, सरपंच गेले. नऊ महिन्यांत महापालिकेचं सभागृहही गेलं. पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झाली आणि तिच्या कडेला राहणाऱ्या लाखो लोकांना साडेचार वर्षं स्वतःचा एकही स्थानिक प्रतिनिधी नव्हता. रस्त्यावरचा दिवा बंद आहे हे सांगायलासुद्धा ॲपवर तक्रार टाकायची आणि वाट बघायची.

पण गुन्हे रोखणं महापालिकेचं काम कुठे आहे?

बरोबर, नाही. पोलिस राज्याच्या गृहखात्याखाली येतात. पुण्याच्या पोलिस आयुक्तांना महापौर आदेश देऊ शकत नाहीत. २०२४ मध्ये वाघोली, खराडी, बाणेर, आंबेगाव, नांदेड सिटी, काळेपडळ आणि फुरसुंगी अशी सात नवी पोलिस ठाणी मंजूर झाली, ती राज्य सरकारने केली. त्यामुळे ‘नगरसेवक निवडून आले, आता कोयते बंद होतील’ असं कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

मात्र पोरगा कोयत्यापर्यंत पोचतो त्याच्या आधीच्या वाटेवर महापालिका बऱ्याच ठिकाणी भेटते. तिच्या बहुतेक शाळा आठवीपर्यंत आहेत. शिक्षण हक्क कायदाही ६ ते १४ वयापर्यंतच हमी देतो. चौदा पूर्ण झाले, आठवी संपली, की त्या मुलाला वर्गात टिकवण्याची कायदेशीर जबाबदारी कोणाचीच राहत नाही. नववीला दुसरी शाळा शोधायची. ती लांब असते, फी असते, तिथे कोणी ओळखीचं नसतं. दुसरीकडे त्याला रीतसर नोकरीही मिळत नाही, कारण अठराच्या आत धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही आणि ज्याच्या हातात कागद नाहीत त्याला चांगला मालक उभा करत नाही. मग हा मुलगा दिवसभर करतो काय? कट्ट्यावर बसतो. त्या कट्ट्यावर त्याला नाव घेऊन हाक मारणारा, वडापाव खाऊ घालणारा, गाडीवर मागे बसवून फिरवणारा पहिला मोठा माणूस बरेचदा वस्तीतला ‘भाई’ असतो.

शाळेने सोडलं आणि कामाने घेतलं नाही, अशी चौदा ते अठरा ही चार वर्षं. माझ्या मते या शहरातल्या अल्पवयीन गुन्हेगारीचं मूळ इथे आहे. गरिबी हे मूळ नाही. गरीब वस्त्यांतली बहुसंख्य पोरं कोयत्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत, उलट फुटलेल्या गाड्या त्यांच्याच वडिलांच्या असतात.

महापालिकेकडे समाज विकास विभाग आहे, त्याचे समूहसंघटक वस्त्यांत फिरतात. मैदानं, व्यायामशाळा, अभ्यासिका आणि पथदिवे तिचेच. पुण्यात ‘स’ यादी नावाचा प्रकार आहे, म्हणजे नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेल्या कामांची अंदाजपत्रकातली तरतूद. या पैशातून वर्षानुवर्षं बाकडी, कापडी पिशव्या, कचऱ्याचे डबे आणि पुन्हा पुन्हा पेव्हर ब्लॉक झाले. आधीच्या सभागृहांवर लोकांचा राग आहे तो यामुळे आणि तो अजून निवलेला नाही. प्रशासकाच्या काळात लोकप्रतिनिधींची उणीव जाणवली म्हणून जुने लोकप्रतिनिधी आदर्श होते असं ठरत नाही.

अल्पवयीन म्हणून सोडून देतात, मग उपयोग काय?

इथे थोडं थांबून कायदा समजून घ्यावा लागेल. २०१५ चा बाल न्याय कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठराखालच्या मुलाला कायद्याच्या भाषेत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. आपण अल्पवयीन आरोपीच म्हणू. त्याला कोठडीत टाकता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवी सदस्य असतात, त्यांपैकी एक तरी महिला.

कायद्याने गुन्ह्यांच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तर किरकोळ. त्याच्या वर गंभीर. आणि ज्याला किमान शिक्षाच सात वर्षं किंवा अधिक आहे तो निर्घृण. आरोपी १६ ते १८ वयाचा असेल आणि गुन्हा निर्घृण असेल, तरच मंडळ त्याची मानसिक-शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज तपासून त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का हे ठरवू शकतं. बाकी सगळ्यांना समुपदेशन, समाजसेवा, दंड, देखरेखीखाली सुटका किंवा फार तर तीन वर्षं विशेष गृह, म्हणजे मुलांचं सुधारगृह.

ही ‘किमान’ची अट नीट पाहा, कारण बऱ्याच संतापाची गाठ तिथे आहे. खुनाला किमान शिक्षा जन्मठेप आहे, म्हणून खून निर्घृण. पण खुनाच्या प्रयत्नाला कायद्यात कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान सात वर्षांची अट नाही. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाने कोयत्याने डोक्यावर वार केला आणि समोरचा मेला, तर त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याचा विचार होऊ शकतो. समोरचा चार महिने रुग्णालयात राहून वाचला, तर तो दरवाजा बंद. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या एका अपघाताच्या खटल्यात हेच सांगितलं. त्यात अल्पवयीन मुलगा गाडी चालवत होता. किमान शिक्षा लिहिलेली नसेल तर तो गुन्हा निर्घृण धरता येणार नाही, असा तो निकाल. संसदेने २०२१ च्या दुरुस्तीत असे गुन्हे ‘गंभीर’ या पायरीवर रीतसर बसवले.

कल्याणीनगरची घटना पुणेकरांच्या मनातून गेलेली नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. चालवणारा सतरा वर्षांचा. काही तासांत जामीन आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट. लोक पेटून उठले, मंडळाने आदेश बदलून त्याला निरीक्षणगृहात पाठवलं आणि पुढे २५ जूनला उच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचा आदेश दिला. मंडळाच्या दोन सदस्यांना नंतर राज्य सरकारने काढून टाकलं. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. या प्रकरणाने ‘अल्पवयीन’ हा शब्दच शहरात शिवीसारखा झाला. पण श्रीमंत घराने यंत्रणा कशी वाकवली असा आरोप असलेलं प्रकरण एक आणि वस्तीतल्या पोराच्या हातात कोयता कसा आला हा प्रश्न दुसरा. दोन्हीसाठी एकच कायदा लागतो, म्हणून औषध एक होत नाही.

आता जामिनाकडे येऊ. अल्पवयीनाला जामीन हा नियम, नाकारणं हा अपवाद. पण अपवाद कायद्यात लिहिलेले आहेत आणि त्यातला पहिलाच असा: सुटल्यावर तो ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाईल असं मानायला सबळ कारण असेल तर जामीन नाकारता येतो. टोळीतल्या पोराला हे तंतोतंत लागू पडतं. पण ते कारण मंडळासमोर कागदावर यावं लागतं. कोणत्या टोळीबरोबर फिरतो, याआधी कितीदा सापडला, घरी कोण आहे, शाळा कधी सुटली, हे पोलिसांनी आणि परिवीक्षा अधिकाऱ्याने अहवालात लिहावं लागतं. परिवीक्षा अधिकारी म्हणजे मुलाच्या घरची, शाळेची चौकशी करून मंडळाला अहवाल देणारा आणि सुटल्यावर त्याच्यावर लक्ष ठेवणारा अधिकारी. हा अहवाल पंधरा दिवसांत यायचा असतो. तो साच्यातला, दोन ओळींचा आला, तर मंडळापुढे जामीन देण्याखेरीज फारसं काही उरत नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत आणि मुदतवाढ मिळाली तर आणखी दोन महिन्यांत संपली नाही, तर ते प्रकरण कायद्यानेच संपतं. म्हणून मंडळावरची एखादी जागा रिकामी राहणं, बैठका पुढे ढकलल्या जाणं, याचा थेट फायदा आरोपीला मिळतो. ‘हात बांधलेत’ या उत्तरात काही गाठी कायद्याच्या आहेत हे खरं, पण बऱ्याचशा न भरलेल्या पदांच्या आणि न लिहिलेल्या अहवालांच्या आहेत.

मग वयच १६ वर का आणत नाही?

वय कमी करण्याची मागणी राज्यातल्या मोठ्या नेत्यांनीही केली आहे. मुलग्यांसाठी वयाची मर्यादा आधी खरोखरच १६ होती, २००० च्या कायद्याने ती १८ झाली. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीसमोरही हा प्रश्न आला होता. समितीने वय कमी करण्याची शिफारस केली नाही.

मलाही ते पटत नाही, कारण हिशेब साधा आहे. टोळीचा म्होरक्या सतरा वर्षांचा मुलगा निवडतो तो शिक्षा कमी म्हणून. मर्यादा सोळावर आणली, तर तो पंधराचा शोधेल. सोळाच्या पोराला येरवडा कारागृहात पाठवलं, तर ज्या टोळीपासून त्याला तोडायचं तिचेच थोरले लोक त्याला आत भेटतील. किमान शिक्षेच्या त्या अटीमुळे खुनाचा प्रयत्न खालच्या पायरीवर राहतो, त्याबद्दल मात्र संसदेत मोकळी चर्चा व्हायला हवी. वाचलेल्या माणसाला ‘तू मेला नाहीस म्हणून’ असं ऐकावं लागणं हे न्यायाचं नाही.

कोयता देणाऱ्याचं काय?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ९५ आहे. गुन्हा करण्यासाठी मुलाला भाड्याने घेणाऱ्याला, कामाला लावणाऱ्याला किंवा गुंतवणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षं कैद. आणि मुलाने तो गुन्हा प्रत्यक्ष केला, तर तो त्या मोठ्या माणसाने स्वतःच केला असं धरून त्या गुन्ह्याची शिक्षाही त्याला. बाल न्याय कायद्याचं कलम ८३ सुद्धा मुलांना बेकायदा कामाला जुंपणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांचा दंड सांगतं.

म्हणजे मुलाला कमी शिक्षा देणारा कायदाच त्याच्यामागच्या माणसाला जास्त शिक्षा देऊ शकतो. गाड्या फुटल्या की आपण ‘पोरं पकडली का?’ एवढंच विचारतो. त्याच्या जोडीला विचारायचा प्रश्न आहे: ‘कलम ९५ लावलं का? कोणावर?’ दुचाकी कोणाची होती, कोयता कुठून आला, दारूचे पैसे कोणी दिले, सुटल्यावर न्यायला कोण आलं, या सगळ्याचा तपास तिकडे जातो. अठरा ओलांडलेल्यांसाठी पोलिसांकडे तडीपारी, एमपीडीए (गुंडांना स्थानबद्ध करण्याचा कायदा) आणि मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) आहेतच. कोयता विकताना गिऱ्हाइकाची ओळख नोंदवा, असं पोलिसांनी दुकानदारांना सांगून झालं. पण कोयता नारळवाल्याकडे असतो, ऊसतोडीला लागतो, तो बाजारातून नाहीसा करता येणार नाही.

राजकारण आणि गुन्हेगारी जिथे उघड्यावर एकत्र दिसतात ती जागा म्हणजे चौकातला फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छांत वर नेते, मध्ये ‘भाऊ’, खाली पन्नास पोरांचे पासपोर्ट फोटो. त्या पोराच्या आयुष्यात त्याचा फोटो पहिल्यांदा कुठे लागला असेल तर तिथे. बेकायदा फ्लेक्स काढणं हे शंभर टक्के महापालिकेचं काम आहे, त्यासाठी गृहखात्याची परवानगी लागत नाही. आणि २०२६ च्या निवडणुकीत गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या घरांत तिकिटं गेल्याची चर्चा पुण्यात उघडपणे झाली. नाना पेठेत १ सप्टेंबर २०२४ ला एका माजी नगरसेवकाचा गोळ्या घालून आणि कोयत्याने वार करून खून झाला. वर्षभराने त्याच वैरातून एका कोवळ्या पोराचा जीव गेला. हे पाहिल्यावर ‘राजकारण वेगळं, गुन्हेगारी वेगळी’ असं मला म्हणता येत नाही.

आईबाप काय करतात?

बहुतेक वेळा कामावर असतात. आई चार घरची धुणीभांडी करून संध्याकाळी परतते, वडील रात्रपाळीला. जबाबदारी त्यांची आहेच आणि मंडळ पालकांना दंड भरायला, हमी द्यायला सांगू शकतं. पण पोराचं पाऊल घसरतंय हे आईला सगळ्यात आधी कळतं आणि तेव्हा तिला जायला जागा नसते. पोलिसांकडे गेली तर पोरावर शिक्का बसेल ही भीती, शाळेतून नाव कधीच कमी झालेलं. तिचं ऐकून घेणारा माणूस वस्तीतच बसतो का, हा प्रश्न मी महापालिकेला विचारेन.

आता नगरसेवक आलेत. त्यांच्याकडे नेमकं काय मागायचं?

४१ प्रभाग, १६५ नगरसेवक. एका प्रभागात चार (एकात पाच) असल्याने प्रत्येक जण ‘ते काम त्यांच्याकडे आहे’ म्हणू शकतो. म्हणून चौघांना एकत्र आणि लेखी विचारा. कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, नगरसेवकाने मतदारांची सभा घ्यायची आणि कामांवर चर्चा करायची. ती कधी घेणार, तारीख मागा.

सभेत सीसीटीव्ही मागणं सोपं असतं, ते मिळतातही. त्यापुढे जाऊन हे विचारा: आपल्या प्रभागातल्या महापालिका शाळेत आठवी झालेली किती मुलं यंदा नववीला कुठे तरी दाखल झाली? ही यादी शाळेकडे असायला हवी. नसेल, तर ती तयार करणं हेच पहिलं काम. जी मुलं गळली, त्यांच्या घरी समूहसंघटक गेला का? आठवीची शाळा दहावीपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव नगरसेवक सभागृहात मांडू शकतो. मैदान संध्याकाळी सहानंतर कुलूपबंद असतं का, व्यायामशाळा कोणाच्या ताब्यात आहे, हे दोन प्रश्नही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून अनेक ठिकाणी वस्तीचं सगळं राजकारण समजेल.

बाल न्याय मंडळाच्या आणि परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या रिकाम्या जागा नगरसेवकाच्या हातात नाहीत, त्या राज्याच्या महिला व बालविकास खात्याच्या आहेत. तो प्रश्न आमदाराकडे न्यायचा. विधानसभेत तो तारांकित प्रश्न म्हणून विचारता येतो आणि मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं. कलम ९५ चा हिशेब पोलिस ठाण्याच्या शांतता समितीच्या बैठकीत किंवा माहिती अधिकारात मागता येतो. ‘आमच्या ठाण्यात या कलमाखाली आजवर किती गुन्हे नोंदले’ एवढा एका ओळीचा अर्ज आणि दहा रुपयांचा स्टॅम्प पुरतो. मुलांची नावं त्यात मागायची नाहीत. कायदा ती उघड करू देत नाही आणि आपल्याला ती नकोतही.

पुण्यात नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत २००६ पासून आहे. पावसाळ्याच्या शेवटाला क्षेत्रीय कार्यालयात त्याचे अर्ज मिळतात आणि प्रभागातलं छोटं काम नागरिक स्वतः सुचवू शकतात. आजवर त्यात रस्ते, पदपथ आणि दिवेच जास्त आले. यंदा वस्तीजवळच्या मैदानाचे दिवे रात्री नऊपर्यंत चालू ठेवणं आणि बंद पडलेली अभ्यासिका उघडणं, ही कामं त्या अर्जावर लिहा आणि शेजारच्या दहा घरांनाही लिहायला लावा.